नव्याण्णव गोलांचे हेर होल्त्सबाख

हेर, म्हणजे जर्मन रीतीने श्रीयुत, होल्त्सबाख यांची आणि माझी पहिली भेट जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या मैदानावर, रेषेपाशी झाली. माझी मुलगी ईशा त्यांच्या फुटबॉल क्लबात नुकतीच खेळू लागली होती. त्या दिवशी माणूस कमी पडल्याने रेषेवरचा झेंडा माझ्या हाती आला, आणि ईशाच्याच गोलावर मी ऑफसाइडचा झेंडा उचलला. इतर पालक नाराज झाले. ईशाही रुसली. होल्त्सबाख मात्र जवळ येऊन एवढेच म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. दिसलं ते दाखवलंत."

या क्लबाचे एकेकाळचे आघाडीचे खेळाडू आणि निवृत्तीनंतरचे प्रशिक्षक म्हणून ते आपल्या इथल्या मराठी मंडळाला परिचित आहेत. आपल्या मुलांना त्यांनी खेळ शिकवला आणि त्यांची नावे नीट उच्चारायला ते स्वतः शिकले. मैदानाकडेला कुडकुडणाऱ्या माझ्या आईला त्यांनी आपला कोट दिला. ईशा तिच्याशी जर्मनमध्ये बोलताना दिसताच म्हणाले, "आजीला कळेल असं सांग. मी थांबतो."

त्यांच्या पंचाहत्तरीच्या या अंकासाठी कारकिर्दीतल्या शंभर गोलांची यादी करण्याचे काम मंडळाने माझ्याकडे सोपवले. यादी पाहून त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवले.

"हा माझा नाही. राल्फच्या हेडरनेच चेंडू आत गेला होता. मी नंतर पाय लावला. लोकांनी मला खांद्यावर घेतलं आणि मी गप्प बसलो."

राल्फ हे त्यांच्या संघातील बचावपटू. कारकिर्दीत त्यांच्या नावावर एकही गोल नाही. आता ते वृद्धाश्रमात असून त्यांची प्रकृती खालावत आहे.

"तुम्ही मुलीविरुद्ध झेंडा उचललात, म्हणून तुम्हाला सांगतोय. राल्फला वाचता येतंय तोवर दुरुस्त करा."

"अहो, सत्काराच्या अंकात कोणी गोल कमी करतं का?" असे माझी पत्नी म्हणाली. मलाही दोन दिवस ते धाडस होईना. अखेर दुरुस्त यादीची जर्मन प्रत घेऊन होल्त्सबाख आणि मी राल्फ यांच्याकडे गेलो. त्यांनी ती दोनदा वाचली.

"चेंडूपाशी तू नेहमी उशिराच पोहोचायचास," ते म्हणाले. "पण इतका उशीर?"

होल्त्सबाख यांनी मान खाली घातली. राल्फ यांनी प्रत उशाशी ठेवून घेतली.

म्हणून या अंकात होल्त्सबाख यांचे गोल नव्याण्णव आहेत. त्यांच्या गोलांच्या शतकातून एक आम्ही त्यांच्याच आग्रहावरून वजा केला. वयाच्या शतकातून मात्र एक वर्षही वजा करण्यास मी तयार नाही. ते त्यांनी ठणठणीत गुडघ्यांनिशी, मैदानावरच पूर्ण करावे, ही आपणा सर्वांच्या वतीने मनःपूर्वक सदिच्छा.