बाराव्या गुलाबाची जागा

मार्चअखेरीस ऑफिसातून घरी आलो, तर आन्सरिंग मशीनवर काकूंचा आवाज होता. "बाबू, तुझे काका गेले. जेवून ये, इथे काही केलेलं नाही." मी तो दोनदा ऐकला… आणि खरंच जेवून गेलो.

मेश्रामकाका माझे सख्खे काका नव्हेत. ओहायोतल्या डब्लिन गावी, त्या थंडीत, नागपूरकडच्या आम्हा सगळ्यांना त्यांनी घरचं मानलं, इतकंच. अंगणात त्यांचे बारा गुलाब होते. सहा डिसेंबरला, महापरिनिर्वाणदिनी, फोटोपुढे घरचंच फूल हवं, हा त्यांचा हट्ट.

गेल्या सप्टेंबरात हार्ट अटॅक येऊन ते हॉस्पिटलात होते, तेव्हा बाग माझ्याकडे आली. मला कढीपत्ताही जगवता येत नाही, पण उत्साह दांडगा. मी दिसेल ते झाड छाटलं, भरपूर खत घातलं. ऊन चांगलं होतं. लालसर कोवळी पालवी फुटली. काका घरी आले, खिडकीतल्या खुर्चीत बसून बघत राहिले.

"कशी दिसतात?" मी विचारलं.

"वरातीला निघाल्यासारखी. अबे, त्यांची झोपायची वेळ झाली होती. तू आंघोळ घालून उठवून बसवलं."

नोव्हेंबरच्या पहिल्या कडाक्यात अकरा झाडांची पालवी काळी पडली. बारावं गॅरेज आणि धुराड्याच्या मधल्या बेचक्यात होतं. तिथे वारा लागत नाही, दिवसभर तापलेली वीट संध्याकाळी ऊब देते. शिवाय तिथे माझं पोट शिरलं नव्हतं.

त्याला कळी आली. काकू रोज संध्याकाळी झाडावर जुनी चादर टाकायच्या. सहा डिसेंबरला फूल अर्धवट उमललं, कडा करपलेल्या. मी कात्री घेऊन निघालो, तर काकांनी थांबवलं.

"राहू दे. शेवटचं फूल झाडावरच सुकलं, की झाड मुकाट्याने झोपतं. आता हे एकच उरलंय."

"आणि फोटोपुढे?"

"फोटो इकडे आण."

तो त्यांनी खिडकीत ठेवला, फुलाकडे तोंड करून, आणि हात जोडले. मी कात्री पाठीमागे लपवून उभा.

गेल्या रविवारी काकूंनी मला बोलावलं. अकरा झाडांच्या काड्या नखाने खरवडून पाहिल्या. आत तपकिरी, कोरड्या. बाराव्याची हिरवी निघाली. "आता काप," काकू म्हणाल्या, "एप्रिलात कापायचंच असतं." मी पोट आत ओढून बेचक्यात शिरलो. कुठून कापायचं, किती ठेवायचं… विचारायला म्हणून खिडकीकडे वळलो, तोंड उघडलंही.

काकूंनी ते पाहिलं. त्या आत गेल्या आणि खिडकीतल्या त्या खुर्चीत येऊन बसल्या.