अर्जातलं बेळगाव

माझा जन्म झाला तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं. मी चालायला लागलो त्या सुमारास ते म्हैसूर राज्यात गेलं. घर, गल्ली आणि घरातली मराठी जागच्या जागी राहिली.

ऑकलंडला आल्यावर मी आधी अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात भाजी विकली, मग माउंट वेलिंग्टनला स्वतःची डेअरी, म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान काढलं. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीचा हॉल दरवर्षी मीच भांडून स्वस्तात मिळवत असे. एका वर्षी मंडळाने सभासदत्वाचे नवे अर्ज काढले. महाराष्ट्राच्या तेव्हाच्या पस्तीस जिल्ह्यांपैकी आपला निवडायचा. ज्याचा जिल्हा यादीत, त्याला मत. बाकीचे नुसते ‘मित्र सभासद’. मला मत हवं होतं.

चिटणीस पुण्याचा, आयटीतला, माझ्या निम्म्या वयाचा. फ्लॅट बुश उपनगरातल्या त्याच्या नव्या घरी गेलो.

“यात बेळगाव कुठाय?”

“काका, ते टेक्निकली कर्नाटकात येतं ना.”

“आणि तुझं फ्लॅट बुश कुठल्या जिल्ह्यात येतं?”

तो हसला. मी हसलो नाही.

“हॉलवाल्याशी भांडायला मी चालतो. तेव्हा नाही विचारलंस जिल्हा!”

माझा आवाज चढला तशी त्याची बायको पाणी घेऊन आली. शेवटी तो म्हणाला, “काका, कोल्हापूर टाका ना. काकू तिकडच्याच आहेत. कोण तपासतंय?”

सौदा वाईट नव्हता. मी कोल्हापूरवर खूण केली.

महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात एकेक जिल्हा पुकारला जात होता आणि तिथली माणसं उभी राहत होती. कोल्हापूर म्हणताच बायको उठली. मी बसूनच होतो.

“काका, उठा की!” चिटणीस माइकवरून म्हणाला.

उठलो. शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी गृहस्थांनी आनंदाने विचारलं, “कोल्हापुरात कुठं?”

“बेळगाव.”

“मग हिकडं कशाला उभारलाय?”

आजूबाजूचे हसले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मी खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी चिटणीसाला फोन करून कोल्हापूर खोडायला लावलं.

“मग मत जाईल, काका.”

“जाऊ दे.”

तेव्हापासून मंडळाच्या प्रत्येक निवडणुकीला मी मागच्या रांगेत बसतो. बायको पुढे जाऊन मत देऊन येते. कुणाला दिलं, ते मला सांगत नाही.