तीन शिफ्टची खोली आणि फुग्यांचा मेळा

किस्से साठायला म्हणे रोज बैठक लागते. चहा लागतो, पत्ते लागतात, निदान एकमेकांची तोंडं तरी बघावी लागतात. आमचे किस्से मात्र न भेटताच साठले! आता त्यातलं कोणी जवळ नाही, म्हणून तुम्हाला धरून बसवतो.

पिंपळे सौदागरला तेव्हा सोसायट्या नव्हत्या, शेतं होती. घरमालक तात्यांच्या गोठ्याला लागून एक पत्र्याची खोली आणि तिच्यात आम्ही तीन भाडेकरू. मी, नांदेडकडचा गंगाधर आणि कोकणातला सावंत. तिघांच्या कंपन्या वेगळ्या, शिफ्ट वेगळ्या, आणि विजेची बोंब असल्यामुळे सुटीचे वारसुद्धा कंपन्यांना वाटून दिलेले, वेगवेगळे. खाटा दोनच. मी सकाळी गेलो की त्याच खाटेवर नाइट करून आलेला सावंत पडायचा. एक कामावर, एक झोपलेला, एक कंपनीच्या बसमध्ये. तिघं एकाच वेळी खोलीत जागे आहेत, असं कधी झालंच नाही.

* * *

सावंत राहायला आला त्याला महिना झाला असेल. पिंपरीच्या स्टॉपवर मी शेजारच्या माणसाला टाइम विचारला. त्याने सांगितला. बस काही येईना, म्हणून म्हटलं, "कुठे राहता?"

"पिंपळे सौदागर. तात्यांच्या गोठ्याजवळ."

"अहो, मीपण तिथेच!"

मग निरखून पाहिलं. डोळे उघडे असलेला सावंत मी तोवर पाहिलाच नव्हता! वर अंगात शर्ट होता तो माझाच. तो ओशाळून म्हणाला, "दोरीवर वाळत होता हो. माझा ओला होता."

* * *

एकदा तात्यांनी मला अंगणात गाठलं. "तुमचा त्यो सावंत म्हशीसंगं बोलतो."

"काय बोलतो?"

"समदं! साहेब काय म्हनला, डब्यात काय व्हतं, गावाकडं पाऊस पडला का न्हाई. ती म्हस दूध कमी द्याया लागली राव!"

मी पोट धरून हसलो. गंगाधरला सांगावं म्हणून आत गेलो, तर तो चादर ओढून झोपलेला. मग माझंही हसू विरलं. खरं सांगतो, त्या दिवशी मला त्या सावंतचा हेवा वाटला. त्याला निदान म्हैस तरी होती.

* * *

पुढे सावंतचे वडील गेले. दिवस करून तो परत आला आणि झोप सोडून माझी वाट बघत बसला. म्हणाला, "महिनाअखेरीस कायमचा जातो. घरी आई एकटी आहे."

मग त्याने पेपरमधलं एक चित्र पुढे केलं. बंगलोरच्या बाहेर एका माळावर गरम हवेच्या फुग्यांचा मेळा भरणार होता. देवळाएवढे फुगे, खाली टोपल्या, टोपल्यांत माणसं!

"हे बघायला जाऊ या," तो म्हणाला. "फुग्यांचं सोडा हो. पण तिघं जागे असताना एकदा एकत्र बसू. नाहीतर गावात लोक विचारतील, इतकी वर्षं कोणाबरोबर राहिलास? मी काय सांगू?"

* * *

तात्यांचा एक टेम्पो होता, चाकणच्या मार्केटला कांदे न्यायचा. गंगाधर बसच्या बॉडी बांधणाऱ्या कंपनीत वेल्डर. त्याने टेम्पोत तीन फळ्या ठोकल्या, वर ताडपत्री ताणली, कोपऱ्यात स्टोव्ह बसवला. चाकांवरचं घर तयार! रजेसाठी त्याने कंपनीत मामाला मारलं. हा मामा आधीच्या दिवाळीतही वारला होता.

तात्या स्वतः चालवायला बसले. म्हणाले, "कांदं नेतो, मग मानसं न्ह्यायला काय हाय?"

पण कांद्याचा वास काही जाईना. जकात नाक्यावर शिपायाने हुंगून विचारलं, "माल काय?"

"मानसं."

"आणि वास?"

"मानसांचाच म्हना!"

शिपायाने ताडपत्री वर करून आत पाहिलं. दोघं घोरत होते, मी डोळे चोळत होतो. त्याने मुकाट्याने दांडा वर केला.

* * *

गंमत अशी की एकत्र बसायला निघालो खरे, पण बसायचं कसं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मी जागा झालो की गंगाधर पेंगायचा. तो उठला की सावंत आडवा. दोघं जागे असलो तरी बोलायला विषय नसायचा. मी विचारलं, "मी करून ठेवतो ती भाजी तुला तिखट लागते का?" गंगाधर म्हणाला, "पातेलं रोज पुसून ठेवतो, त्यावरून कळलं नाही का?" झालं, विषय संपला.

कोल्हापूर सोडल्यावर तात्या वैतागले. "तुमा तिघांत मिळून एकच मानूस जागा ऱ्हातोय की रं! मी काय टेम्पोसंगं बोलू?"

* * *

धारवाडच्या अलीकडे दुपारी एका झाडाखाली थांबलो. माझा डोळा लागला. जाग आली तर पायाशी सावंत बसलेला, हातावर टॉवेल, डोळे झोपेने जड. समोर त्याची फळी रिकामी.

"अहो, तुमची फळी ती तिकडे!"

"माहीत आहे," तो म्हणाला. "पण तुम्ही उठल्याशिवाय मला झोपच लागत नाही. सावकाश उठा हो, मी बसतो."

मी उठलो आणि जागा करून दिली. दोन मिनिटांत तो गाढ झोपला.

* * *

मेळ्याच्या माळावर रात्री पोचलो. फुगे उजाडताना उडतात असं कळलं, म्हणून ठरवलं, आता काही झालं तरी तिघांनी जागं राहायचं. स्टोव्हवर चहामागून चहा केला. तात्यांनी म्हशीचा किस्सा पुन्हा सांगितला, सावंतच्या तोंडावर. सावंतच सगळ्यांत जास्त हसला. इतक्या वर्षांत आम्ही तिघं एकदम हसलो ते तेव्हा.

तांबडं फुटलं. माळावर रंगीत कापडं पसरली होती, त्यांत पंख्याने वारा भरत होते, मग आगीचे लोळ सोडत होते. आमच्यासमोरचा पिवळा फुगा उभा राहिला आणि वाऱ्याने हिसके द्यायला लागला. टोपलीतला माणूस ओरडला, "अरे, कोई रस्सी पकडो!"

कारखान्यातली माणसं आम्ही, सांगायची खोटी! धावलो आणि एकाच दोराला तिघं लोंबकळलो. पुढे सावंत, मध्ये मी, मागे गंगाधर. फुगा ओढतोय, आम्ही ओढतोय. सावंत ओरडत होता, "धरा हो, धरा!" त्याचा इतका मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

तेवढ्यात वरून हाक आली, "छोड दो!"

गंगाधरने दोर सोडला. मीही सोडला.

सावंतने नाही सोडला. त्याच्या चपला गवतात राहिल्या आणि पाय जमिनीवरून उचलले गेले. कमरेएवढा वर गेला. वरचा माणूस ओरडतोय, गंगाधर ओरडतोय, "सोड की राव! सोड!" सावंत दोन्ही हातांनी घट्ट धरून. मग हातच घसरले आणि तो धपकन गवतात बसला. फुगा निघून गेला.

आम्ही पळत गेलो. तळवे सोलवटले होते. तात्या संतापून म्हणाले, "येडा का खुळा तू? सोड म्हनल्यालं ऐकू आलं न्हाई व्हय?"

"आलं की," सावंत म्हणाला. फुग्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो आमच्याकडे बघत होता, एकदा गंगाधरकडे, एकदा माझ्याकडे.

"तुम्ही दोघांनी एवढ्या लवकर कसा हो सोडलात?"