सत्यशीलाची फुरसत

पोहणं, नाचणं, गाणं, वाचणं, फिरायला जाणं, आराम करणं. फुरसतीत माणसानं करायच्या या गोष्टी, त्याही स्पॅनिश भाषेत, आणि पाठ कुणी करायच्या? तर धारूरच्या डोंगराकडेला राहणाऱ्या सत्यशीलानं. जिला सकाळचा चहा कधी बसून प्यायला मिळाला नाही तिनं. आता बोला!

पण अडलेलं होतं. बी.ए. होऊनही दुसऱ्याच्या रानात रोजानं खुरपायला जाऊन जाऊन तिची कंबर पार धरली होती. रात्री कुशीवर वळायचं तर आधी हाताचा टेकू लागायचा. अशात मोबाइलवर बबिता मॅडमचा मोफत स्पॅनिशचा वर्ग सापडला. पहिली तोंडी परीक्षा पास झाली की पुढचा वर्ग, आणि मग घरी बसून परदेशी गिऱ्हाइकांना उत्तरं लिहायचं काम. नापास झाली तर दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा खुरपं. एवढा साधा हिशेब होता.

शेळ्यांमागं जाताना ती क्रियापदं घोकायची. पासेआर म्हणजे फिरायला जाणं. पासेआर, पासेआर म्हणता म्हणता एखादी शेळी परक्याच्या तुरीत घुसायची, की हिचं पासेआर बांधावरच राहायचं आणि तोंडातून अस्सल मराठी निघायची. एका धड्यात तर कहर होता. आवडीनिवडीच्या शब्दांत नाचण्याच्या शेजारी चक्क कोसिनार होतं, म्हणजे स्वयंपाक करणं.

"मामी, सैपाकाला ह्ये लोक करमणूक म्हणत्यात," ती सासूला म्हणाली.

छबुबाई चुलीत काटूक सारत होत्या. त्यांनी वरही पाहिलं नाही. "त्यांच्या बाया कदीमदी करीत असतील मग," त्या म्हणाल्या.

परीक्षेचा विषयच होता, फुरसतीत तुम्ही काय करता. सत्यशीला मॅडमला म्हणाली, मी तर काहीच करत नाही. मॅडम हसल्या. "कोण बघायला येतंय ताई? पोहते, नाचते, वाचते, गाते, असं ठोकून द्यायचं." मग तसं पाठ झालं. परीक्षेची तारीख मात्र हिनं स्वतः निवडली आणि तिथंच फसली. येळवसेची अमावस्या निवडली. का, तर त्या दिवशी गावाला सुट्टी असते!

अहो, सुट्टी गड्यांना. येळवसेला सगळं घर रानात जेवायला जातं, पण ते जेवण काय ज्वारीच्या धाटाला लागतं? पहाटेच उठून तिनं बाजरीचे उंडे वळले, साऱ्या भाज्या-डाळींची भज्जी घोटली, आंबील हलवली. टोपलं डोक्यावर घेऊन रानात गेली, कडब्याच्या कोपीत पूजेची मांडणी केली, सगळ्यांना वाढलं. नवरा बजरंग तीनदा आंबील पिऊन बाभळीखाली आडवा झाला. पाहुणे, पोरं, सगळी तृप्त. सत्यशीलाचा घास अजून हातातच, आणि फोन वाजला.

चेहरा दिसेल एवढी रेंज फक्त वरच्या ताली-बांधावर यायची. ती तशीच पळत चढली. पडद्यावर परीक्षा घेणारी बाई, पांढऱ्या केसांची, हसरी. सत्यशीलानं धडाधड म्हणून टाकलं: मला पोहायला आवडतं, नाचायला आवडतं, वाचायला आवडतं.

"छान," बाई स्पॅनिशमध्ये म्हणाली. "कुठं पोहता?"

झालं! हिच्या मागं नजर पोचेल तिथवर कोरडा माळ, आणि खाली तळ दिसणारी विहीर. हिनं उभ्या जन्मात कंबरेएवढ्या पाण्यातही पाय घातला नव्हता. बाई वाट बघत होती. खुरपं डोळ्यांपुढं आलं, उद्याची कंबर आली. आणि मग तिला एकदम कंटाळा आला. भीती नव्हे, खोटं बोलायचा सुद्धा शीण आला. तेवढीही ताकद उरली नव्हती.

"नो नादो," ती म्हणाली. मी पोहत नाही. "नो बायलो." नाचत नाही. मग फोन फिरवून तिनं खालचं रान दाखवलं आणि सुचेल तशी, अडखळत, स्पॅनिश बोलत राहिली. आज सण आहे. सगळे खातात. मुलं खेळतात. नवरा आराम करतो. बायका गातात. मी स्वयंपाक करते.

"आणि तुम्हाला काय करावंसं वाटतं?"

"देस्कान्सार," सत्यशीला म्हणाली. आराम. आणि तिला रडू फुटलं. परीक्षेत, फोनसमोर, पदर तोंडाला लावून.

बाई सावकाश, हिला कळेल असं बोलली. पास. सगळे शब्द आले, जागच्या जागी आले. पुढच्या वर्गाच्या परीक्षेचा विषयही तिनं सांगून टाकला: मागच्या सुट्टीत तुम्ही काय केलंत.

सत्यशीला बांध उतरली तेव्हा छबुबाई खरकटी भांडी गोळा करत होत्या. डोळे लाल बघून त्यांनी विचारलं, "काय झालं गं? नापास केलं का?"

"पास झाले, मामी."

"मग रडतीस कावून?"

"फुडल्या परीक्षेला इचारणार हायेत, सुट्टीत काय केलं म्हणून. आता परत काय खोटं सांगू?" असं म्हणत ती भांड्यांकडं वाकली आणि कंबरेत कळ येऊन तशीच अर्धवट थांबली.

छबुबाईंनी तिच्या पुढ्यातलं पातेलं ओढून घेतलं. बाभळीखाली जाऊन बजरंगला पायानं ढोसलं. "ऊठ बे. भांडी घास."

"मी?" बजरंग डोळे चोळत म्हणाला.

"न्हाई, तुजा आजा!"

मग त्यांनी त्याच्या अंगाखालची वाकळ ओढली, झटकली, सावलीत पसरली आणि सुनेकडं बघून म्हणाल्या, "पड हितं. लई मोठी परीक्षा हाय ना? कर अभ्यास."

सत्यशीला आडवी झाली. आधी कळ लागली, मग कंबर हळूहळू जमिनीला टेकली. विहिरीकडून भांड्यांचा बेसूर आवाज येत होता. देस्कान्सार, ती मनात म्हणाली, आणि पुढचा शब्द आठवायच्या आत झोपली.