एकाच माणसाची चित्रं

कॉलेजच्या व्हरांड्यात काही पोलिश चित्रांच्या प्रती लावायचं काम माझ्याकडे आणि नेहाकडे होतं. मी बर्फातले घोडे एका भिंतीवर लावले, रंगीत चौकोन दुसऱ्या भिंतीवर, आणि जवळजवळ कोरी, एकच करडी रेघ असलेली चित्रं खिडकीपाशी. तीन चित्रकार असतील असंच मला वाटलं होतं. सर आले आणि हसले.

"अगं, हा एकच माणूस. तरुणपणी गावाकडचे घोडे काढायचा. पॅरिसला गेल्यावर चौकोन काढू लागला. म्हातारपणी ही रेघ."

"मग त्यातला खरा तो कोणता, सर?"

"सही बघ," म्हणाले आणि तासाला निघून गेले.

सही सगळीकडे सारखीच होती. पण मला ते उत्तर पुरलं नाही. घोडे सोडताना त्याला काही वाटलं असेल का? की ते कधी सुटले, हे त्यालाही कळलं नसेल? आमच्या घरातून कॉलेजला आलेली मी पहिलीच. दिवाळीत आई म्हणाली होती, "पावण्यावानी बोलाय लागलीस बग." ते अजून टोचतं.

चित्रं उतरवून आम्ही पुन्हा शेजारी शेजारी लावत होतो, तेवढ्यात आईचा फोन आला.

"हॅलो, बोल ना," मी म्हणाले.

पलीकडून आईने विचारलं, "सुमन हाय का तितं?"

"आये, मीच हाय की."

कोण बोललं ते बघायला नेहाने चिकटपट्टी दातात धरून मागे वळून पाहिलं.