डावीकडच्या सीटवर मावसाजी

माझे मावसाजी, दादाजी गजभिये, चालत्या गाडीत कधी पुढे बसत नसत. ऑटोत मागे, बसमध्ये शेवटच्या बाकावर. आणि कुठेही बसले तरी त्यांचा उजवा पाय थोडा पुढे सरकलेला असायचा. समोरून काही आलं की तो पाय खालचा पत्रा दाबायचा. डावी चप्पल धड असताना उजवीच्या पुढच्या भागाला भोक पडलेलं असायचं.

कारण घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी विचारत नसे. मावसाजी कुही तालुक्यातल्या धानाच्या गावातून आलेले. आधी ट्रकवर क्लीनर, मग ड्रायव्हर. सावनेरकडच्या खाणीतून कोळसा भरायचा, कोराडीच्या वीजकेंद्रात रिकामा करायचा, परत फिरायचं. धाकट्या भावाला, विक्कीला, गाडी त्यांनीच शिकवली. एका डिसेंबरच्या सकाळी विक्की मालकाची जीप चालवत होता आणि मावसाजी त्याच्या शेजारी बसले होते. धुकं होतं. कोराडीच्या पुढे, राखेच्या बंधाऱ्याजवळच्या वळणावर, एक बंद पडलेला ट्रक रस्त्यातच उभा होता. मागे दिवा नाही, दगड लावलेले नाहीत. विक्की तिथेच गेला. मावसाजींच्या बरगड्या मोडल्या होत्या, त्या जुळून आल्या. पुढे त्यांनी स्टेअरिंगला हात लावला नाही. एका शाळेत चौकीदारी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. विक्कीचा फोटो बैठकीत बुद्धमूर्तीच्या खालच्या फळीवर आहे. जीपच्या बॉनेटवर कोपर टेकवून तो हसतो आहे.

मावसाजींच्या घरात गाडी येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं. ती आणली मायामावशीने. मावशी सरकारी आरोग्य उपकेंद्रात सिस्टर आहे. गेल्या वर्षी तिची बदली सावनेरकडच्या एका गावात झाली. बस फाट्यावर सोडायची. तिथून लसींचा डबा खांद्याला लावून उन्हात चालत जायचं. मी एम.ए. संपवून तेव्हा नागपुरात, इंदोऱ्याला, तिच्याकडेच राहत होते. एके दिवशी डबा ओट्यावर ठेवून ती म्हणाली, "बस झालं. मी गाडी शिकते."

शिकली. मग आम्ही दोघी जुन्या गाड्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने एका पांढऱ्या छोट्या गाडीच्या टपावर थाप मारली.

"डॉक्टरची गाडी आहे ताई. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. बस, एवढीच चालली."

मावशीने बसून क्लच दाबून पाहिला. "डॉक्टर कायचा जी? क्लच तर असा झिजला, जसा साऱ्या ओपीडीनं येऊन दाबला."

तरी तिने ती घेतली. इंजिनचा आवाज तिला आवडला होता.

पहिल्या दिवशी मावसाजींनी सवयीने मागचं दार उघडलं. मावशी म्हणाली, "मागं बसाले मी काय तुमची ड्रायव्हर हाय? पुढं या." ते बराच वेळ दार धरून उभे राहिले. मग पुढे येऊन बसले. लसीकरणाच्या दिवशी ते तिच्यासोबत जायचे, डबा उचलून द्यायचे, आणि काम होईपर्यंत तिथल्या कडुनिंबाखाली बसून राहायचे.

थोड्याच दिवसांत गाडी रस्त्यात अडू लागली. चांगली चालत असताना कोणी मागून पदर धरावा तशी थबकायची आणि पुन्हा सुटायची. एकदा मीही सोबत होते, तेव्हा मानकापूरला तर मागचा मोटारसायकलवाला धडकता धडकता वाचला. "मावशे, मधातच ब्रेक काहून मारून राहिली?" तो ओरडला. "मी नाही मारला," मावशी म्हणाली. पण तोवर तो निघून गेला होता, आणि ते वाक्य आम्हा तिघांमध्येच राहिलं.

आमच्या गल्लीच्या टोकाला वैभवचं गॅरेज आहे. त्याने मागचे ड्रम उघडले, ब्रेकचे शू घासून बसवले, पुढच्या चाकांना ग्रीस केलं. मग एकटाच एक लांब चक्कर मारून आला. गाडी कुठेच थबकली नाही. मावशी घेऊन गेली, आणि कोराडीच्या अलीकडे गाडी पुन्हा थबकली. वैभवने ब्रेक ऑइलची मुख्य टाकी तपासली, नळ्या पाहिल्या, हवा काढली. पुन्हा एकट्याने फिरवली. पुन्हा काही नाही. शेवटी तो हात पुसत, तिच्याकडे न पाहता म्हणाला, "आंटी, गाडीत काही नाही. तुमचा पाय राहत असन ब्रेकवर. नवीन माणसाचं होते असं."

 घरी आल्यावर मावशी खुर्चीत बसून आपल्या उजव्या पायाकडे पाहत राहिली. बोटं हलवली, घोटा फिरवला. ती कशाला घाबरली आहे ते मला कळत होतं. आजीचा, म्हणजे तिच्या आईचा, हात असाच आपोआप हलू लागला होता. कपबशी वाजायची आणि आजी म्हणायची, मी कुठं हलवते? पुढे सगळं शरीरच तिचं ऐकेनासं झालं.

"रोशनी," मावशी म्हणाली, "पाय माझा असन आन मलेच समजत नसन, तर मी गाडी नाही चालवणार. लेकरांना सुया टोचते मी. मंग उद्या हातावरही कसा भरोसा ठेवू?"

मावसाजी ओट्यावर होते. त्यांच्यापर्यंत हे पोचलं नसावं. संध्याकाळी मी चहा नेऊन दिला तेव्हा ते मला हळू आवाजात म्हणाले, "माया लय जपून चालवते वं. मले बोला लागत नाही. माझ्या मनात भेव आलं का तिचा ब्रेक लागते." इतक्या वर्षांत गाडीबद्दल त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं बोलणं होतं. दारातून मावशीने ते ऐकलं आणि ती आत निघून गेली.

पुढच्या लसीकरणाला तिने मलाही सोबत घेतलं. निघण्याआधी अंगणात मला बाजूला घेऊन म्हणाली, "मागं बस. दोन सीटांच्या मधून माझ्या पायाकडं पाहत राह्य. दुसरं काही पाहू नको."

मी तशीच बसले. मावशीने चपला काढून ठेवल्या होत्या. तिचे पाय, जोडवी, टाचेवरच्या भेगा, तीन पेडलं. इंदोरा गेलं, मानकापूर गेलं. डाव्या हाताला कोराडीची धुराडी आली असावीत, कारण काचेतून राखेचा वास येऊ लागला. समोरून कोळशाचा ट्रक येत असल्याचा हॉर्न ऐकू आला.

मावशीचा पाय अॅक्सिलरेटरवर होता. त्याच्या शेजारचं ब्रेकचं पेडल आपोआप खाली गेलं. तिथे थांबलं, आणि हळूच वर आलं. कोणी पाय ठेवावा आणि काढून घ्यावा, तसं.

गाडी थबकली.  मावशीने गाडी कडेला घेतली आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"माझा होता?"

"नाही."

"मंग कोणाचा?"

"कोणाचाच नव्हता, मावशी."

बाहेर बंधाऱ्यावरून राख उडत होती. त्या धुरकट उजेडात रस्त्याला कडा नव्हत्या. मावसाजी समोर पाहत होते आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. "इथंच," ते म्हणाले. कशाबद्दल, ते आम्हाला विचारावं लागलं नाही. मग ते उतरले आणि पाणी प्यायला समोरच्या टपरीकडे गेले.

मी मावशीचं मनगट धरलं होतं. तिने माझा हात सोडवला. भीती वाटली की ती सिस्टर होते, हे मी लहानपणापासून पाहिलं आहे.

"पाहा," ती म्हणाली. "वैभव एकटा चालवते तवा होत नाही. मी एकटी दुकानात गेली तवाही झालं नाही. हे सोबत असले का होते. तू पुढं ये."

मी मावसाजींच्या जागी बसले. टपरीमागच्या मोकळ्या मैदानात तिने गाडी फिरवली. काहीच झालं नाही. तिने पुन्हा फिरवली.

"अशी नको बसू. त्यांच्यासारखी बस."

त्यांच्यासारखं बसणं मला येत होतं. उजवा पाय पुढे सरकवला आणि तळव्याने खालचं कारपेट दाबलं. गाडी गचका देऊन थांबली.

मावशीने तोंडावर हात धरला. ती हसते आहे की रडते आहे ते मला नीट कळलं नाही. मग ती उतरली, माझ्या बाजूने आली, वाकली आणि कारपेटचा कोपरा उचकटू लागली. खाली एक वाकवलेली लोखंडी पट्टी होती. तिच्यापासून एक ताणलेली तार निघून डॅशबोर्डच्या आतून ड्रायव्हरच्या बाजूला जात होती.

लसीकरण आटोपून आम्ही सरळ वैभवकडे आलो. त्याने पट्टी पाहिली, मग टपावर हात फिरवला. पाटी बसवल्याची भोकं पुट्टीने बुजवून वर रंग मारलेला होता.

"ही ड्रायव्हिंग स्कूलची गाडी हाय, आंटी. हा शिकवणाऱ्याचा ब्रेक. विकताना वरचं पेडल कापलं आन बाकी तसंच ठेवून कारपेट चिपकवलं. आता त्या डॉक्टरले धरा."

"म्हणजे माझा पाय चांगला हाय," मावशी म्हणाली. तिला ते मोठ्याने म्हणायचं होतं.

"चांगला हाय. मी चुकलो."

मावसाजी उघड्या दारापाशी गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी पट्टीवर हाताचा पंजा ठेवला आणि दाबला. पलीकडे रिकाम्या सीटसमोर ब्रेकचं पेडल खाली गेलं. त्यांनी सोडलं, ते वर आलं. पुन्हा दाबलं. चालवणारं कोणी नव्हतं आणि ब्रेक लागत होता. ते कितीतरी वेळ तेच करत राहिले.

"काका, सोडा. तार तुटन," वैभव म्हणाला.

"मंग ते माया नवती?" त्यांनी विचारलं.

"नाही जी," मावशी म्हणाली. "तुमीच होते."

त्यांनी हात काढला नाही. "त्या दिवशी दाबला होता मी. पुरा दाबला. खाली नुसता पत्रा." पट्टीकडे पाहत ते म्हणाले, "ट्रक मले आधी दिसला होता. पायच दाबत राहिलो. तोंडानं काहून नाही बोललो? ट्रक हाय, एवढंच म्हणायचं होतं."

हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. मावशीलाही नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं. वैभव पाना हातात धरून उभा होता. रस्त्यावरून कोणाच्या तरी वरातीची डीजेची गाडी गेली आणि काचा थरथरल्या.

"राहू द्यायचा का?" मावशीने नवऱ्याला विचारलं. वैभव काही बोलणार होता. तिने हाताने त्याला थांबवलं.

मावसाजी उठले. गुडघ्यांवरची धूळ झटकली. "काढ गा, वैभव. हिले दिसते समोरचं. कवा दाबायचा ते हिले ठरवू दे."

पट्टी निघाली, तार निघाली. मावशीने त्याच संध्याकाळी एकटीनेच गाडी जरीपटक्यापर्यंत नेऊन आणली. परत आली तेव्हा ती केसांतून वारं गेल्यासारखी दिसत होती.

पुढच्या लसीकरणाला मी पुन्हा मागे बसले होते. कोणी सांगितलं नव्हतं, तरी माझी नजर त्या पेडलांवर जात होती. मावसाजींनी आधी मागचं दार उघडलं, ते बंद केलं आणि पुढे बसले. मानकापूरला त्यांचा पाय खाली दाबला गेला. गाडी आपल्या चालीने पुढे गेली. त्यांनी दाराच्या कडीला धरलं. कोराडी आली. त्यांचा गुडघा ताठ झालेला मला मागून दिसत होता. खाली आता नुसता पत्रा होता, आणि ते तो दाबत होते.

बंधाऱ्याच्या वळणावर खरोखरच एक ट्रक उभा होता. मागे खुणेसाठी निंबाची फांदी तोडून ठेवली होती. मावशीला तो लांबूनच दिसला असणार. मावसाजींचा पाय दाबलेला होता, गाडी पुढे जात होती. मग त्यांचं तोंड उघडलं. आवाज बारीक निघाला, बऱ्याच दिवसांच्या आजाऱ्याचा निघावा तसा.

"विक्की, ट्रक हाय."

मावशीने नाव दुरुस्त केलं नाही.

"दिसला," ती म्हणाली, आणि गरज नव्हती तरी तिने ब्रेक थोडा आधीच दाबला.