दारातला माणूस

आयसीयूच्या दाराशी बसलेला रखवालदार कुणालाच आत सोडत नाही. दाराजवळ गेलं तरी आधी चपला काढायला लावतो. पण कुणी थर्मास दिला, कुणी अंगाऱ्याची पुडी दिली, की तो ती स्वतःच्या हाताने आत नेऊन देतो.

ह्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीला कुठेतरी चीर पडली असेल आणि तिथून चरबी झिरपली असेल, असं मला वाटत होतं. "तसं नाही हो," डॉक्टर सकाळी म्हणाले. "आतल्या अस्तराच्या पेशीच कोलेस्टेरॉलचे कण उचलतात आणि भिंतीत नेऊन सोडतात."

म्हणजे भिंत धड होती. तिनेच ते आत घेतलं, वर्षानुवर्षं, कणाकणाने. मग आम्ही पहारा तरी कशावर करत होतो? हे रोज फिरायला जायचे, मी हात राखून तेल घालायचे. आता रागवायचं तरी कुणावर?

सकाळपासून मी रखवालदाराला विनवतेय, "दादा, एकदाच आत सोडा हो." आता तो आपणहून दार उघडून उभा राहिलाय. मी वाकून चपला काढायला लागते.

"राहू द्या मावशी," तो हळूच म्हणतो. "तशाच या."

माझा पाय उचलत नाही.